वायरीचं मोकळं टोक

आणि वर मलाच म्हणते, "बाबा, हात हलवू नका." आता तुम्हीच सांगा, माझ्या वयाच्या माणसाला हात हलवावा लागतो का? तो आपला आपण हलतो. त्यातून तो डबा लोखंडी, कडा धारदार, स्टुलावर चढायची मला बंदी, म्हणून मी स्टुलाशेजारी, दोन्ही हात डोक्याच्या वर, चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आलेला, तो सरकवायला तिसरा हात नाही, आणि माझी लेक स्क्रूड्रायव्हर रोखून म्हणते, "जरा डावीकडे... तुमच्या नाही, माझ्या डावीकडे." आम्ही दोघंही एकाच भिंतीकडे तोंड करून उभे. तिचं डावं आणि माझं डावं वेगळं कसं असेल, याचा मी तिथं, त्या अवस्थेत, विचार करायला लागलो. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं ना, सवय जात नाही. तर त्या विचारात डब्याची एक बाजू सुटली आणि तिच्या अंगठ्यावर आली. मुद्दाम नाही हो केलं. निदान माझं तसं मत आहे.

स्विच बसवत होतो आम्ही. स्विच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं बटण आलं असेल, माझ्याही आलं होतं, म्हटलं बटण बसवायला दोन माणसं कशाला? तर हा स्विच म्हणजे एक चपटा, लांबोडा डबा. पुढे चौकोनी भोकांची रांग, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि प्रत्येक पोर्टावर एक बारका दिवा. घरातल्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा ते तो बघतो. हे मला बारकीनं समजावलं. बारकी म्हणजे माझी लेक. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या, ऑफिसात माणसं तिला वचकून असतात, पण घरात ती बारकीच. तिनं समजावलं आणि मी म्हटलं, "म्हणजे तुझी आई."

तिचा स्क्रूड्रायव्हर हातातच थांबला. मी आपलं गमतीनं बोललो होतो... पण खोटं नव्हतं ते. आमच्याकडे सगळं हिच्यामार्फत चालायचं. बारकीला माझ्याकडून काही हवं असलं की ती आईला सांगायची, मला बारकीला काही विचारायचं असलं की मी हिला विचारायचो, आणि ही स्वयंपाकघरात उभी राहून दोन्हीकडचे निरोप, मधलं बोचरं तेवढं गाळून, पोचते करायची. ही गेली आणि मग घरात आम्ही दोघं राहिलो, जन्मात कधी एकमेकांशी थेट न बोललेली. "बाबा, जेवायचं का?" "तू म्हणशील तसं." "तुम्ही सांगा." "नाही, तू सांग." यात जेवण गार.

आई गेली तेव्हा बारकी चार दिवसांसाठी म्हणून आली होती, ती राहिलीच. अडगळीच्या खोलीशेजारी टेबल टाकून तिथूनच काम करायला लागली. मी कधी राहा म्हटलं नाही, तिनं कधी राहते म्हटलं नाही. आणि आता कंपनीनं तिला समुद्रापलीकडे बोलावलं. मोठी जागा, आयुष्यभर जिची वाट बघितली ती. तिनं मला सांगितलं कसं, माहितेय? म्हणाली, "बाबा, आपण घरात कॅमेरे बसवतोय." दारावर एक, हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, गॅस सुटला तर ओरडणारं एक यंत्र, माझ्या खोलीत पलंगाशी फोन. "मी तिकडून सगळं बघेन. तुम्हाला एकटं वाटणारच नाही. हे आठवडाभर न अडखळता चाललं की तिकीट काढते. नाही चाललं तर नाही जाणार." मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार?

मेव्हणीचा फोन आला, तिची मावशी. ती मला घाबरत नाही, कधीच घाबरली नाही. "भावोजी, या खेपेला तरी पोरीला जाऊ देणार ना?"

"मी कुठं अडवलंय?"

"तुम्ही अडवत नाही हो. तुम्ही फक्त दारात चेहरा पाडून उभे राहता. अडवलेलं परवडलं."

आता चेहऱ्याचं काय करायचं? माझा चेहरा मूळचाच पडलेला आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी हरवलेली छत्री शोधत असल्यासारखा दिसतो. मुद्दाम नाही हो करत. निदान माझं तसं मत आहे.

असो, तर ते बसवणं. अडगळीच्या खोलीत भिंतीवर एक लोखंडी चौकट ठोकलेली, तिला रॅक म्हणतात. तिच्यात स्विच बसवण्याआधी त्याला दोन्ही बाजूंना कान लावायचे. खरंच कान म्हणतात त्यांना. मग चौकटीच्या चौकोनी भोकांत आधी स्प्रिंगवाले नट दाबून बसवायचे. डावी बाजू तिनं केली, उजवी मला दिली, म्हणाली, "तेवढंच तुम्हाला बरं वाटेल." नखं मोडली माझी, पण बसवले. नीट मोजून, तीनतीनदा तपासून, शंका आली म्हणून काढून, पुन्हा बसवले. स्विच चढवला, स्क्रू आवळले, दोघं मागे सरकून बघतो तर स्विच तिरका. माझी बाजू एक भोक वर. ती बघत राहिली. मी म्हटलं, "तुझी बाजू खाली असू शकते." ती हसली हो. किती दिवसांनी हसली. कपाळाला हात लावून, स्टुलावर बसून हसली. आणि मला वाटलं, असाच राहू दे तिरका, कुणाच्या बापाचं काय जातंय... मग लक्षात आलं, बाप मीच.

काढला, सरळ बसवला. मग तिनं एकेक वायर खोचली आणि प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवली, कुठून आली ते कळावं म्हणून. दार. हॉल. स्वयंपाकघर. आणि एका वायरीवर नुसतं 'बाबा'. त्या खोलीला आमच्याकडे आई-बाबांची खोली म्हणायचे. चिठ्ठीवर एवढं मावलं नसतं, कबूल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि उगाच चिठ्ठीची कड नखानं दाबत राहिली, चांगली चिकटलेली असताना.

आणि चाललं की ते. दिवे लागले, कॅमेऱ्यांत घर दिसलं. बारकी रोज सकाळी बघून म्हणायची, "छान चाललंय, बाबा." मी म्हणायचो, "छान." तुम्हाला सांगतो, एखादी गोष्ट नीट चालण्याचा इतका त्रास मला कधी झाला नव्हता.

आठवडा संपत आला तशी ती एकदा ऑफिसात गेली, नव्या साहेबाशी बोलायच्या आधी काही कागद आणायला. मी फडकं घेऊन अडगळीच्या खोलीत शिरलो. धूळ पुसावी म्हटलं. तर काय, एक वायर, एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं खाली लोंबकळतंय. मोकळं. बारकीनं काहीतरी तपासायला लावली असणार आणि काढायची राहिली असणार. पण मला ते बघवेना. सगळ्या वायरी कुठे ना कुठे पोचलेल्या, ही एकटीच अधांतरी. आणि स्विचमध्ये तर रिकामे पोर्ट पुष्कळ. दिलं ते टोक एकात खोचून. टक् असा गोड आवाज आला. आणि त्याबरोबर सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले, सगळेच्या सगळे, वेड्यासारखे. मला वाटलं, वा, खूश झालं यंत्र.

ती परत आली, साहेबाशी बोलायला बसली, आणि साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला. कॅमेरे बंद, पलंगाचा फोन बंद, सगळं ठप्प. ती अडगळीच्या खोलीत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"बाबा, तुम्ही आत गेला होतात?"

"धूळ पुसायला."

"कशाला हात लावलात?"

"धुळीला."

ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "असू दे. बघते मी सावकाश." आणि साहेबाला मोबाइलवरून कळवलं, घरचं अजून मार्गी लागलेलं नाही, थोडं थांबावं लागेल. मुद्दाम नाही हो केलं मी. निदान माझं तसं मत... होतं.

कारण पुढचे दिवस काय गेले म्हणून सांगू. ती मधूनमधून त्या खोलीत जायची, बाहेर येऊन म्हणायची, "सापडत नाही बुवा." मी म्हणायचो, "मिळेल, घाई काय आहे?" संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये बसायचो. बोलायचो चक्क. तिनं विचारलं, "आई पहिल्यांदा भेटली तेव्हा काय बोललात?" म्हटलं, "मी काहीच नाही. तिनंच दोन्हीकडचं बोलून घेतलं." यावर आम्ही दोघं हसलो आणि मग दोघंही रडलो, आणि मग जेवायचं का यावर कुणीच वाद घातला नाही.

पण डोकं गप्प बसतं का? चालू असलेली गोष्ट बंद पडली, तर मधे काय बदललं ते शोधावं, हे मी पिढ्यान्पिढ्यांच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं. मधे काय बदललं? ती वायर. दोन्ही टोकं एकाच डब्यात! तोच निरोप एका टोकातून बाहेर आणि दुसऱ्यातून परत आत, गोल गोल, गोल गोल, आणि त्या गर्दीत बाकी कुणाला वाट नाही. हे मला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी, असं मी म्हणतो. पण खोचताना खरंच काही माहीत नव्हतं? माझा प्रबंधच शंकेवर आहे हो, आणि मला माझाच निकाल लावता येईना.

मग एका सकाळी ती मोबाइलवर बोलताना ऐकलं. "नाही, सर. वडलांना असं सोडून येता येत नाही अजून. हो, कळतंय, जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही तुम्हाला." आवाज साधा होता. आईचा असायचा तसा, बोचरं गाळलेला.

मी अडगळीच्या खोलीत गेलो. वायरीचं टोक चिमटीत धरलं. ओढलं.

हे मात्र मुद्दाम केलं. यावर माझं मत वगैरे काही नाही.

दिवे शांत झाले. वळून बघतो तर बारकी दारात.

"मीच खोचली होती," मी म्हटलं.

"माहितेय."

"कधीपासून?"

"बाबा, माझी अर्धी नोकरी अशाच वायरी शोधण्यात गेली. त्याच दिवशी दिसली मला."

"मग काढली का नाहीस?"

ती चौकटीवरची नसलेली धूळ पुसायला लागली. "तुम्ही काढताय का, ते बघत होते."

"आणि नसती काढली तर?"

"तर थांबले असते."

बघा म्हणजे. एवढंच करायचं होतं मी. काही नाही करायचं होतं. जन्मभर ज्यात तरबेज होतो तेच. आणि नेमकं त्याच दिवशी मला काहीतरी करायची बुद्धी झाली.

मी म्हटलं, "पुन्हा खोचू का?"

ती हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली, आणि मला कळेना हात कुठे ठेवायचा, तेव्हा तिनंच तो उचलून पाठीवर ठेवला. जायच्या आधी तिनं स्विचमध्ये कसलीशी सोय चालू करून दिली. म्हणाली, "आता वायर कशीही उलटसुलट खोचा, काही बंद पडणार नाही." म्हणजे तोही रस्ता बुजवला.

गेली. दारात उभा राहिलो, चेहरा शक्य तितका वर धरून. मेव्हणीनं नंतर बारकीनं पाठवलेलं कॅमेऱ्यातलं बघून सांगितलं, "भावोजी, दात दुखत होता का?"

आता रोज तिचा फोन येतो. "बाबा, हॉलमध्ये का दिसत नाही तुम्ही? कधीची बघतेय." मी म्हणतो, इथंच आहे ग. तिला काय सांगू? ती ज्या कॅमेऱ्यातून बघते ना, त्याच्या वायरीवरचा दिवा स्विचवर जोरजोरात लुकलुकतो, हे मला ती गेल्यावर कळलं. तेव्हापासून मी अडगळीच्या खोलीत खुर्ची टाकून बसतो. तिथे कॅमेरा नाही. हॉलमध्ये जाऊन बसलो तर मी तिला दिसतो, पण दिवा मला दिसत नाही. दिवा बघत बसलो तर ती बघतेय हे मला कळतं, पण मी तिला दिसत नाही. फळ्यावर मांडून बघितलं, सुटत नाही. तेव्हा ती तिकडून माझी हॉलमधली रिकामी खुर्ची बघते, मी इकडून तिचा दिवा बघतो... आणि फोनवर दोघंही म्हणतो, छान चाललंय.