आठ जूनची तयारी

"हॅलो?… हॅलो, दीपचंदशेठ का? मी दोंडाईच्याहून बोलते, मंजुळाबाई. दवाखान्यातली नर्स… हो हो, सुकदेवची अक्का. तुमच्या माडीवर राहतो ना, त्याला बोलवा… झोपलाय? उठवा!"

ट्रंक कॉल लागायला तिला पोस्टात अडीच तास बसावं लागलं होतं. आता रिसीव्हर कानाशी दाबून ती उभी होती. धाकटा भाऊ धुळ्यात, देवपुरात राहायचा आणि डोंगराकडच्या पाड्यांवर बायबल घेऊन प्रभूचं वचन सांगत हिंडायचा. आजवर ती ते कौतुकानं चारचौघांत सांगायची.

"सुकदेव?… माझी तब्येत राहू दे. एप्रिलात पाड्यावर काय सांगून आलास?… मला ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय… हं. आठ जूनला प्रभू येणार. आज तारीख काय?… अकरा. बरोबर.

"काल मी तिथं जाऊन आले… अरे, मधे बोलू नकोस, ऐक आधी! आपल्या मंडळीची घरं नऊ. नऊही घरांनी शेळ्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. बियाणाची बाजरी दळून खाल्ली. डोंगरसिंगच्या बायकोनं, गुंताबाईनं, चूल सारवून ठेवली, आता पेटवायची नाही म्हणून. आठ तारखेला सगळी धुतलेले कपडे घालून टेकडीवर बसली. सकाळपासून… हो, उन्हात. लेकरांसकट! दुसऱ्या दिवशी उतरली. आता पेरणी तोंडावर आली आणि घरात दाणा नाही.

"काय?… हिशेब चुकला?… पुन्हा उपास करून तारीख काढतोस? खबरदार, सुकदेव!"

तिकिटं मोजणारा कारकून मान वर करून बघायला लागला. मंजुळाबाईनं त्याच्याकडे पाठ केली.

"तयारी, तयारी काय लावलंयस? दहा कुमारींची गोष्ट तूच सांगतोस ना? दिवे घेऊन नवरदेवाची वाट तर दहाही जणी बघत होत्या. मग शहाण्या कुठल्या?… बोल ना… हां. जादा तेल सोबत घेतलेल्या! आणि तू लोकांना आहे ते तेलही ओतायला लावलंस.

"बरं, एक सांग. पुष्पानं यंदा वर्षाचं धान्य भरलं का?… तुझी बायको पुष्पा, दुसरी कोण?… किती?… मोठ्यानं बोल… चार पोती. कधी?… मे महिन्यात!… तिनं भरली, तुला माहीत नव्हतं? मग भाकरी कुणाची खातोस रे?"

पलीकडून हुंदके ऐकू यायला लागले. आई गेल्यावर याला प्रार्थना करायला तिनंच शिकवलं होतं. त्या तारखेची गोष्टही एप्रिलातच तिच्या कानावर आली होती. पोराचा उत्साह म्हणून तिनं ती हसण्यावारी नेली होती. तो राग तिचा तिच्यावरच होता, आणि सगळा त्याच्यावर निघत होता.

"रडू नको… रडू नको म्हणते ना! उद्या सकाळच्या एसटीनं ये. टपावर धान्य टाक. पेरायला बाजरी दवाखान्याच्या कोठीतून देते, डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. तू खायचं आण… शेजारच्या मगनच्या हाती पाठवतोस? नाही! पाड्यावर तारीख सांगायला मगन गेला होता का? तू ये. डोंगरसिंगच्या अंगणात सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, माझं चुकलं.

"काय?… मारतील?"

तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अरे, त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं मला! डोंगरसिंगला मी म्हटलं, सुकदेवनं फसवलं तुम्हाला. तर तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, 'नही बाई, भाऊना दोष नही शे. आम्हनीच तयारी कमी पडनी.'… ऐकलंस का? दोन दिवस उपाशी माणूस, सुकदेव, आणि तो म्हणतो… हॅलो?… हॅलो?"

लाईन तुटली होती. पुन्हा लावू का, असं कारकुनानं विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीतून सुकदेव धान्य घेऊन उतरला, सोबत पुष्पाही होती. डोंगरसिंगच्या अंगणात ते दोन शब्द बोलायला त्याला फार वेळ लागला. दोनदा त्यानं अक्काकडे बघितलं. मंजुळाबाई समोरच बसली होती, पण तिनं त्याला शब्द पुरवला नाही.