पिवळ्या धाग्याची लेबलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, ज्यांच्या शाळेचे गणवेश शिवता शिवता आमचा धंदा उभा राहिला त्या आदरणीय मुख्याध्यापिकाबाई. प्रमुख पाहुणे, आमचं निम्म्याहून अधिक काम ज्यांच्या कारखान्यात शिवलं जातं ते सन्माननीय कारखानदारसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, आमचे उलटे काका, ज्यांची खुर्ची या घटकेला रिकामी दिसते आहे. कटिंग मास्तरांपासून काजं-बटणं करणाऱ्या मावशींपर्यंत समोर बसलेली सगळी घरची माणसं. आणि चहाच्या आशेवर मागच्या रांगेत तग धरून असलेले मित्रहो,

काकांच्या खुर्चीकडे बघून हसू नका. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला समारंभ अर्ध्यावर सोडून उठावं लागतं. सोबतीला आपल्या लेबलवाल्या ताई गेल्या आहेत. येतील. माणूस समोर नसला की त्याचं कौतुक जरा मोकळेपणाने करता येतं, तेवढा फायदा मी घेते.

माझ्या हातात चार पानी भाषण आहे. अक्षर माझ्या जाऊबाईंचं आहे, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मी एक ओळ जरी गाळली तरी डोळे मोठे करणार आहेत. जाऊबाई, आज सांभाळून घ्या. मी बरंच गाळणार आहे आणि बरंच पदरचं घालणार आहे.

काकांना 'उलटे काका' का म्हणतात, हे इथे कुणाला सांगायला नको. पण अध्यक्षांसाठी सांगते. त्यांच्या हातात कपडा आला की तो आधी उलटा होतो. सुलट बाजू बघताना मी त्यांना बावीस वर्षांत पाहिलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला आशीर्वाद दिला आणि त्याच हाताने त्याच्या कोटाची कड उलटून पाहिली. व्याही म्हणाले, "काही हरवलंय का तुमचं?" काका म्हणाले, "नाही, अस्तर चांगलं आहे. मुलगाही बरा असेल." व्याह्यांना अजून तो राग आहे. पण जावई खरंच बरा निघाला.

आम्ही दोघी जावांनी पुढच्या खोलीत दोन मशीन टाकून मुलांचे कपडे शिवायला घेतले, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, शिवणं हेच अवघड. पण मागणी वाढली, तशा आम्ही बाहेर शिवून घ्यायला लागलो, आणि मग कळलं की खरं अवघड काय असतं. कोण शिवणार? कुठल्या खोलीत? ज्याला काम दिलं तोच शिवतो की परस्पर तिसऱ्याला देतो? पहिल्याच हंगामात आमचे तीनशे फ्रॉक बाह्या उलट्या जोडून आले. कुणी शिवले, कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येकाने हात झटकले. काका तेव्हा गिरणीच्या तपासणी खात्यातून नुकतेच सुटले होते. ते म्हणाले, "वहिनी, हा कपडा कुणी शिवला हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर त्यावर आपलं नाव लावू नका."

नावाचं म्हणाल तर आमच्या लेबलवर माझ्या मुलीचं घरातलं नाव विणलेलं आहे. काकांनी त्या लेबललाच कामाला लावलं. मानेजवळच्या लेबलच्या दोन्ही कडा दुमडून शिवणीत जातात, बरोबर? त्या दुमडीत, जिथे कुणाची नजर जात नाही, काकांनी ताईंकडून एकेक रंगीत धागा विणून घेतला. साहेबांच्या कारखान्याला जाणाऱ्या लेबलांत लाल. दोघी बहिणींच्या शिवणघराला निळा. गणवेशवाल्यांना हिरवा. लेबल उसवलं की कपडा आपलं घर सांगतो. ही गोष्ट जगात फक्त तिघांना माहीत होती: काका, ताई आणि मी. जाऊबाई, तुम्हालाही सांगितली नाही, रागावू नका.

साहेब, तुम्हालाही आजच कळते आहे. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय.

तर पिवळा धागा. ते पान जाऊबाईंच्या भाषणात नाही.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनीच मोठ्या मनाने आम्हाला एक नवी जागा सुचवली. आमची पद्धत अशी की जागा बघायच्या आधीच नमुन्याचं कापड आणि लेबलं पुढे धाडायची, म्हणजे पसंती झाली की त्याच दिवशी काम सुरू. पिवळ्या धाग्याची दोनशे लेबलं पुढे गेली. मागून काका आणि मी गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. जिना एकच, आणि त्याच्या अर्ध्या रुंदीत कापडाचे गठ्ठे रचलेले, म्हणजे चढणाऱ्याने अंग चोरून चढायचं. खिडक्यांना जाळ्या, त्याही वेल्डिंग केलेल्या. आत अकरा बाया. कोपऱ्यात इस्त्री, तिची वायर टेबलाच्या कडेला घासून काळी पडलेली आणि तिच्यावर चिंधी गुंडाळलेली. दाराला आतून कडी नव्हती, बाहेरून कोयंडा होता. साहेबांनी निळ्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या किल्लीने कुलूप काढलं होतं. मी विचारलं, "कुलूप कशाला?" साहेब हसून म्हणाले, "माल चोरीला जातो हो."

काकांनी एकच फ्रॉक उलटा करून पाहिला. एक मशीन दर आठवा टाका सोडत होतं. पण ते टाक्याबद्दल काही बोलले नाहीत. जिना उतरताना म्हणाले, "वहिनी, ही जागा नको. इथून बाया शांतपणे, एकेक करून बाहेर येऊ शकतात. घाईत नाही येऊ शकणार." आम्ही नकार कळवला. कापड परत आणलं, नमुना परत आणला. लेबलं राहिली. काकांनी दोनदा आठवण करून दिली. मी म्हटलं, "मूठभर लेबलं, त्यासाठी कुठे माणूस धाडता?" बावीस वर्षांत एवढी एक ढिलाई केली आणि ती माझी होती.

गेल्या हंगामात साहेबांच्या कारखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातला एक फ्रॉक काकांनी माझ्या टेबलावर ठेवला. लेबल उसवलेलं. धागा पिवळा. 

मी काय केलं असेल? तुम्ही मला ओळखता, तुम्हाला वाटेल मी चप्पल घातली आणि निघाले. मी म्हटलं, "हंगाम जाऊ दे काका." काका म्हणाले, "वहिनी, गठ्ठे जिन्यात आहेत, हंगामात जास्तच असतील." मी म्हटलं, "बघते." साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, ती खोली केव्हाच बंद केली, मशीन भंगारात दिली, उरलेली लेबलं गोदामात होती ती चुकून वापरली गेली. किती गोड बोलतात साहेब! मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला तो ठेवायचाच होता. त्या मालावर आमचा अख्खा हंगाम उभा होता.

तरी काका ऐकेनात, म्हणून मागच्या महिन्यात मी साहेबांना सांगून, वेळ ठरवून, काकांना घेऊन खोली बघायला गेले. खोली रिकामी होती. इतकी स्वच्छ झाडलेली की पायाखाली एक धागा नाही. शिवणाऱ्यांच्या खोलीत एकही धागा नाही, हे बघून मला हायसं वाटलं. काकांना मात्र नाही. ते म्हणाले, "आता बाया कुठे नेल्या, हेही आपल्याला ठाऊक नाही." आठ दिवसांनी पिवळा धागा परत आला.

नाही साहेब, उठू नका. बसा. भाषण चालू असताना प्रमुख पाहुणे उठले तर बरं दिसत नाही, आणि मला अजून तुमचे आभार मानायचे आहेत. मास्तर, साहेबांना पाणी द्या जरा. आणि तिथेच त्यांच्या खुर्चीशेजारी थांबा.

आभार अशासाठी, की आजचा हा समारंभ मुळात साहेबांची कल्पना. मला म्हणाले, "काका फार खोलात शिरतात हल्ली. वय झालं. त्यांना सन्मानाने विश्रांती द्या, सभागृहाचं मी बघतो." हे सभागृह, ही फुलं, तुमचा मागचा चहा, सगळं साहेबांकडून. आणि मी, ज्या माणसाने मला धंदा शिकवला त्याला, साहेबांच्या सोयीसाठी घरी पाठवायला निघाले. त्यांना सांगितलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बरं. पण त्या खोलीकडे लक्ष ठेवा." मला लाज वाटते आहे. ती मी आज चारचौघांत सांगते आहे, कारण एकटीने वाटून घेतली तर तिचा कुणाला उपयोग नाही.

आता अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेली. साहेबांनी काकांना शर्ट भेट दिला. कापड मी निवडलं होतं आणि साहेबांनी आग्रहाने सांगितलं होतं की शिवून मी देतो, खास माझ्या कारखान्यात. कापड मी सोमवारी दिलं. आज गुरुवार. काकांनी शर्ट हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. तुम्ही टाळ्या वाजवल्या, पोट धरून हसलात. मीही हसले. मग काकांनी खिशातली छोटी कात्री काढली आणि लेबलचा एक टाका कापला. तुम्ही आणखी हसलात. त्यांनी शर्ट माझ्याकडे सरकवला.

दुमडीत पिवळा धागा. शिवणीत दर आठवा टाका सुटलेला. भंगारात गेलेल्या मशीनने मंगळवार-बुधवारात शर्ट शिवला होता. आणि शर्टाला वास येत होता. नव्या कापडाचा नव्हे, जळक्या वायरचा. काका माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, वायरही तीच आहे अजून. मी जातो. या वेळी सांगून जायचं नाही." मी म्हटलं, "तुम्ही जा. साहेबांना मी इथे बसवून ठेवते. त्यांनी फोन फिरवला तर खोली पुन्हा झाडलेली सापडेल." ताईंची स्कूटर बाहेर उभी होती.

मंडळी, माझं भाषण लांबलं हे मला कळतंय. नवरदेवाच्या कोटापासून मी लांबवत आले आहे. ते मुद्दाम होतं. बाया जागच्या जागी असताना दोघांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच बेत होता. काका वयामुळे उठून गेले, असं मी सुचवलं, ते खोटं होतं. बाकी एकही शब्द खोटा नाही.

तेव्हा आता आवरतं घेते. अध्यक्षांचे आभार, की त्यांनी मला एकदाही घड्याळ दाखवलं नाही. जाऊबाईंचे आभार, त्यांच्या चार पानांतलं मी अर्धं पानही वाचलं नाही. आणि पद्धतीप्रमाणे, बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त…

माफ करा. फोन. काकांचाच आहे.

हो काका, बोला. बोला ना. काय? सावकाश सांगा. किती जणी?

मंडळी, शांत राहा. काका सांगताहेत, बाया आतच आहेत. सतरा आहेत, दाराआडून त्यांनीच मोजून सांगितलं. कुलूप बाहेरून आहे. जिन्यात धूर आहे. जाळ दिसत नाही अजून, पण धूर आहे, आणि दाराखालून येतो आहे. राखणदार जागेवर नाही. काका, कोयंडा तुटतोय का बघा. नाही? ताईंना म्हणावं शेजारच्या दुकानातून काहीतरी मागून आणा, पहार, काहीही. बायांना म्हणावं, खाली बसा, तोंडाला ओलं कापड लावा. फोन ठेवू नका.

मुख्याध्यापिकाबाई, अग्निशमन दलाला फोन लावा, पत्ता जाऊबाई सांगतील, नमुने त्यांनीच धाडले होते. मागचं दार उघडा कुणीतरी. मावशी, वाट मोकळी करा.

अरे देवा. वीस मिनिटं मी इथे उभी राहून शब्द फुलवत होते, यांना बसवून ठेवत होते, आणि ती माझ्यासमोर टेबलावर पडलेली आहे. पाण्याच्या पेल्याशेजारी, गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात. निळ्या टोपीची.

क्षमा मागायची राहिली आहे. ती तुमची नाही, त्या सतराजणींची, आणि ती मला त्यांच्यासमोर मागायची आहे. साहेब, हात बाजूला घ्या. मास्तर, ती किल्ली उचला आणि पळा.