चंद्राक्काच्या हातातलं ताट

ऐका मंडळी! आज एकच प्रश्न. ओवाळायला ताट घ्यायचं, तर ते कुणी? कुणाच्या हाताला शुभ म्हणायचं? — नका, लगेच उत्तर देऊ नका! तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत. आधी ऐका.

गेल्या साली आपल्या नदीकाठी सिनेमावाले आले होते. जुन्या काळचा सिनेमा! प्लायवूडची वेस उभी केली आणि गर्दीत उभं राहायला निम्मं गाव बोलावलं. सुताराचा जयसिंग झाला सैनिक — हातात भाला, आणि पायात रबरी स्लिपर! हसू नका तबलजी, तुमची चिकटवलेली मिशी दोनदा पडली होती!

त्या गर्दीत आपली चंद्राक्का. मेकअपवाल्या पोरीनं काही विचारलं नाही. लावलं ठसठशीत कुंकू, भरला हिरवा चुडा, दिलं निरांजनाचं ताट! "मावशी, पहिल्या रांगेत या. सरदार लढाईला निघालाय, त्याला ओवाळायचं."

अकरा वर्षांनी ताट हातात आलं हो! आक्का हरखली. आणि लगेच चरकली.

घोडा आला. सरदार झालेला नट इंद्रनील पुढं वाकला — आणि आक्काचा हात खाली! "कट!" पुन्हा घोडा, पुन्हा हात खाली. दिग्दर्शक तापला. "बाई, जमत नसेल तर मागं जा. दुसरी उभी करतो!"

मागं? मागं तर ती अकरा वर्षं उभीच होती! पुढची जागा सोडवेना, आणि खरं लपवून उभं राहवेना.

"जमतंय सायेब," ती म्हणाली. "पर पोरगं लढाईला निघालंय. माझा मालक जाऊन अकरा वर्सं झाली. माझ्या हातनं कसं ओवाळायचं?"

"अहो बाई, लढाई खोटी! तलवार लाकडाची!" दिग्दर्शक म्हणाला.

"लढाई खोटी आसंल. पोरगं खरंय की!"

इंद्रनील घोड्यावरून उतरला. "आक्का, माझ्या लग्नात माझी आई दाराआड उभी होती. बाबा नव्हते म्हणून. मी तिला पुढं ये म्हणालो नाही. आता म्हणायला ती नाही. तुम्हीच ओवाळा."

आक्कानं ओवाळलं! "कट" झालं तरी थांबेना. कानशिलावर बोटं कडाकडा मोडली आणि रडत म्हणाली, "देवा, लई उपकार केलेस रं! खोट्या वेशीत का हुईना, मला पुढं उभं केलंस."

मंडळी, ती आक्का आत्ता इथंच आहे. बघा मागं — चपलांच्या शेजारी. तिला तिथं कुणी बसवलं? देवानं? त्याचं नाव घेऊ नका! तुम्ही बसवलं. आणि मी! इतकी वर्षं इथं कीर्तन करतोय, आरतीचं ताट एकदा तरी तिच्यापुढं धरलं का? नाही धरलं. चुकलो.

बायांनो, वाट द्या. आक्का, या पुढं. ताट मी धरतो, वात तुम्ही लावा. त्याशिवाय आज आरती सुरू होणार नाही!