पोथीच्या फडक्यातली पुस्तकं

— सोडलंच म्हना की फडकं. न्हाई न्हाई, पाया पडायला सोडलंत, कळतंय मला ताई. कुनाच्या बी घरी गेलं की पोथीला डोकं टेकवायची तुमची रीत हाय, चांगली हाय — पन देवापुढं लाल फडक्यात बांधलेलं सगळं पोथीच आसंल, आसं कामून धरलं तुमी? बसा. आता लपवून तरी काय करू. पोथी वर फळीवर हाय, ही आमच्या मंजुषाची पुस्तकं. तुमी पोरगी बघायला येनार म्हनून सकाळी मीच बांधली आन् देवाजवळ ठेवली — म्हनले, पाव्हने कुठंबी बघतील पन देवघरात हात घालनार न्हाईत. घातला. झाली फजिती. पुरुष मानसं शेत बघून येस्तोवर आपुन दोघीच हाव, पोरगी आत चहा ठेवायलीय, तवा खरं ते सांगते. मी केशर, तिची सख्खी आत्या, इथंच भावाकडं राहते, पोरीला लहानाचं मोठं मीच केलंय — ह्या पुस्तकांत काई न्हाई. कचरा हाय सगळा.

परभनीच्या कॉलेजातल्या तिच्या एक मॅडम हायत, त्या सांगतेत पोरींना, हे वाचा, ते वाचा, मंग रविवारी बसून बोलू. आता रविवारी बाईमानसानं डोक्यावरून न्हावं, का लढाईवर बोलावं? हे वरचं जाडं लढाईचंच. पोरगी वाचून दावती, मी भाकरी थापता थापता ऐकते, कान काय बंद करता येतेत? येवढी पानं लिहिली बाबानं — लढाई लावतं कोन आन् मरतं कोन. आरं, आमच्या पिंगळीत येऊन इचारायचं की. रामहरी आन् त्याच्या चुलत्याचं हातभर बांधावरून लागलं. भांडले म्हातारे, डोकी फुटली पोरांची. म्हातारे आजून एकाच पारावर बसून एकमेकाला तमाखू देतेत. झालं पुस्तक. आन् हे दुसरं पुस्तक म्हनतंय, शेटसावकाराच्या बाजाराबिगर बी जगता येतंय — सगळ्यांनी मिळून पिकवायचं, मिळून विकायचं, नफा वाटून घ्यायचा. वा. आमच्या बायांच्या गटानं मिळून पापड केले होते एकदा. उडीद तसेच भिजून आंबले, का तर अध्यक्षीण कोन हेच ठरंना. त्या लिहिनाऱ्याला आमच्या बैठकीत बसवा, पळत सुटंल ठेसनापस्तोर.

दिवसभर? न्हाई हो, दिवसभर कुठली वाचती. स्वैपाक येतो, शिवन येतं, वर तोंड करून बोलत न्हाई — बोलती, पन हळू बोलती.

ते? ते तुरुंगाचं हाय, ठेवा ते खाली. त्याचं तर नावच नको. एका कैद्याचं लिहिलंय — आलेली चिठ्ठी आदी साहेब फोडनार, मंग ह्याला देनार, खायचं मापानं, कुनाला भेटायचं तर अर्ज. पोरगी वाचता वाचता रडायली. मी म्हनले, येडे, ह्यात नवं काय हाय? माज्या बापाची चिठ्ठी आली की आदी सासरा बघायचा, मंग सासू म्हनंल तेवढीच दीर मला वाचून दावायचा, बाकीची गाळून — मला कुठं वाचता येत होतं तवा. मीठसुद्दा सासूच्या कुलपात. तुरुंगात भेटीचा वार तरी ठरलेला आसतो, म्हनले तिला. तर रडायचं सोडून माज्याच तोंडाकडं बघत बसली. मला नुसता राग आला तिचा. पन हे तुमाला कशाला सांगायलेय मी.

लग्नानंतर? कोन वाचतंय लग्नानंतर. जाळा म्हनता? घालू की चुलीत, आंघोळीचं पानी तरी तापंल. रुसंल दोन दिस. तुमचा पोरगा विद्यापीठात कायम नोकरीला, सुपारीचं खांडबी खात न्हाई, आन् स्थळ बघू बघू माजा भाऊ दिनकर बेजार झालेला — चार पुस्तकांपायी आसं घर कोन सोडनार?

हे बारकं का? हे स्वातंत्र्याचं. न्हाई, ती पानात खुनेला तुरीची काडी मंजुषानं न्हाई घातली. माजी हाय. यंदा अक्षरं शिकवली तिनं मला, बळंच, मागंच लागली. कितवं पान म्हनता, कसलं पान घेऊन बसलात — एक एक वळ वाचायला माजी दुपार जाती, आन् वाचून काय, तर म्हने मानूस मोकळा कवा आसतो. लिहिनाऱ्याला काम न्हाई दुसरं. न्हाई, ते नका घालू त्यांच्यात. ते बाजूला राहू द्या.

काय म्हनलात? हां, ऐकलं मी. तुमच्यात सुनंला कोंडून ठेवत न्हाईत. विचारून जायचं, विचारलं की सोडता, आडवत न्हाई. लय मोठं मन हाय ताई तुमचं. माजी सासू बी चारचौघीत हेच म्हनायची, आमी कवा आडवलंय? बाप वारल्याचा सांगावा आला तवा मी उंबऱ्यात उभी राहून विचारलं तिला, जाऊ का? ती म्हनली, सुगी उरकू दे. आडवलं न्हाई हां. सुगी उरकल्यावर सोडलं. जाऊन रिकाम्या खाटंच्या पाया पडून आले.

न्हाई, डोळ्यात काई न्हाई, चुलीचा धूर आलाय. तुमी वाईट न्हाईत ताई, माजी सासू बी वाईट न्हवती, मेली तवा सगळा गाव रडला तिच्यासाठी. मीच रडले न्हाई. दिनकरला मी सांगते काय सांगायचं ते. वरडंल, वरडू दे. आन् खरं सांगू, ह्या घरात बी पोरीला कुनी विचारलं न्हाई, तुला जायचंय का म्हनून. मीबी न्हाई विचारलं. साडी तेवढी काढून दिली नेसायला.

मंजू, चहा उतरव खाली. गाळू नको. इकडं ये, तुला विचारायचंय काई तरी.

तुमी निघा ताई. पुरुष मानसं येतील शेताकडूनच ठेसनावर.