कशाचे पन्नास?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बाबा, तुमचाही हात थांबू द्या. आज एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर सरळ हवं.

एखाद्याचं अर्धं काढून घेतलं. पुढे मनाला टोचलं, म्हणून अर्धं परत दिलं. फिटलं की नाही?

'फिटलं!' — कोण बोललं ते? खांबाजवळचे काका? वा! मान पण डोलावली! बाया मात्र गप्प. बाया का गप्प आहेत, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही आपली एक मोडकीतोडकी ओवी म्हणतो —

अर्धे नेले, अर्धे दिले ।
म्हणे देणे सारे फिटले ।
अर्धे म्हणजे कशातले ।
बोल आता ॥

तर ऐका. भंडाऱ्याकडे पिपरटोला नावाचं गाव. तिकडे तलावच तलाव. या गावाच्या डोक्यावरही एक जुना तलाव. डोक्यावर म्हणजे खरोखर डोक्यावर हो! उंच मातीची पाळ, पाळीमागे तलाव, आणि पाळीच्या पायथ्याला घरं. चुलीशी बसलेल्या बाईनं मान वर केली की तिला पाळ दिसायची. पाणी दिसायचं नाही. दिसत नाही, म्हणून माणूस झोपतो. दिसलं असतं, तर कुणाला झोप लागली असती?

त्या पाळीवर पाणी सोडायचं एक लोखंडी दार. दाराला चाक. चाक फिरवलं की दांडा वर येतो, दार उघडतं. ते चाक सांभाळायला दोन माणसं, आळीपाळीनं. एक कवडू नान्हे. दुसरा आपल्या गोष्टीतला — रेवाराम मारबते.

रेवाराम पाण्यातला माणूस. ढिवराच्या जातीत जन्म, मासोळीसारखा पोहायचा. अक्षरं मात्र उशिरा आली, केस पिकल्यावर. पाण्याला कधी भ्यायला नाही. भ्यायला तो एकाच गोष्टीला. कशाला? वाघाला? छे! टक्क्याला!

हसू नका. काय झालं, जुनं दार बदललं, नवं बसलं. दांड्यावर रंगानं खुणा केल्या, शून्य ते शंभर. शून्य म्हणजे बंद, शंभर म्हणजे सताड उघडं. आणि भाषाच बदलली! पूर्वी म्हणायचे, 'रेवाराम, चार फेरे दे.' आता म्हणायला लागले, 'रेवाराम, वीस टक्के वाढव.' हा 'हो जी' म्हणायचा आणि घाम पुसायचा. सारखं मनात यायचं, हे चाक आपण चुकीचं फिरवलं तर? खाली आपलंच घर आहे!

मुलगा नागपूरला, बांधकामावर. फोनवर म्हणाला, "बाबा, घरात बारावी शिकलेली सून आहे. तिच्याकडून शिकून घ्या ना जी!"

आता आली का पंचाईत! सून वनमाला. पोरगी हुशार, पण घराची रीत काय? सुनेनं सासऱ्याशी तोंड देऊन बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि निरोप असेल तर तिसऱ्याच्या मार्फत. तिसरा कोण? तिची मैना — कडेवरची लेक. बोलता न येणारी!

मग शाळा कशी भरायची, बघा! ओसरीत सासरा. आत दाराआड सून. मधे उंबरठ्यावर मैना, आणि मैनेपुढे सुपात तलावातले शंभर शिंगाडे.

"मैने, आजोबांना सांग, टक्का म्हणजे शंभरातला वाटा."

मैना म्हणायची, "ब्बा!"

"सांग, शंभर शिंगाड्यांतले पन्नास बाजूला काढा. हे झाले पन्नास टक्के."

रेवाराम भिंतीला सांगायचा, "मैने, आईला सांग, समजलं."

"विचार, चाळीस शिंगाडे असतील तर त्यांचे पन्नास टक्के किती?"

रेवारामचे कान तापले. शंभरच नाहीत, तर शंभरातले काढायचे कुठून? तो शिंगाडे मांडतो, मोडतो, एखादा तोंडात टाकतो. आतून आवाज, "मैने, आजोबांना सांग, खाल्लेले धरायचे नाहीत!"

शेवटी पेटली हो वात! "शंभरात पन्नास म्हणजे निम्मे. चाळीसात निम्मे... वीस!"

"बरोबर!" आतून बांगड्या वाजल्या. इतका आनंद म्हाताऱ्याला लग्नातही झाला नव्हता.

असे धडे चालले. दहा टक्के, वीस टक्के, पंचवीस. एका दुपारी वनमालेनं नवं गणित घातलं. "मैने, विचार, काही शिंगाडे होते. आधी पन्नास टक्के काढले. मग उरलेत त्यांत पन्नास टक्के घातले. आता किती झाले?"

रेवाराम हसला. "यात काय विचारायचं? काढले तेवढे घातले. होते तेवढे झाले!" आणि धोतर झटकून उठला. पाळीवर जायची वेळ झालेली.

आत वनमाला म्हणाली, "चूक."

मंडळी, हा शब्द कुणी ऐकला? मैनेनं. भिंतीनं. सासरा अंगणाच्या पार गेला होता. त्याला पाठीमागून हाक मारायची? सुनेनं? शिव शिव! जीभ तोंडातच राहिली, आणि ते चुकलेलं उत्तर घेऊन म्हातारा पाळीकडे चालला. उत्तर आहे, घरी ठेवलेलं काय आणि सोबत नेलेलं काय, म्हणाल तुम्ही. ऐका पुढे.

पुढचा धडा भरायच्या आतच हस्ताचा पाऊस लागला. हत्तीच्या सोंडेतून ओतावं तसा. तलाव तुडुंब. सांडव्यावरून पाणी धो धो चाललेलं, आणि हे दारही उघडं ठेवलेलं. चाकाशी कवडूची पाळी होती. तेवढ्यात खालून ओरडा — आठवडी बाजारातून परतणारी ट्रॉली ओढ्याच्या पुलावर अडकली, पाणी चाकाच्या वर, आत बायापोरं! कवडूनं पटकन दार निम्मं खाली घेतलं, म्हणजे ओढा जरा उतरेल. इतक्यात रेवाराम पोहोचला.

"रेवारामभाऊ! मी पन्नास टक्के कमी केलंय. मी दोर घेऊन खाली जातो. माणसं निघाली की शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की होतं तेवढं कर! उशीर नको बाप्पा, पाळ थकली आहे!"

आणि गेला पळत. किती होतं, ते त्यानं सांगितलं नाही. यानं विचारलं नाही. काहून विचारलं नाही? अहो, विचारलं तर कवडू म्हणेल ना, 'भाऊ, एवढंही नाही समजत?' ती एक लाज. लाजेसारखं पाणी नाही, मंडळी. गळ्यापर्यंत येतं तरी माणूस म्हणतो, कोरडाच आहे!

तिकडे ट्रॉली. इकडे दार निम्मं. आणि तलाव? तलाव चढायला लागला. पाळीच्या दगडांवर धोक्याची पांढरी रेघ होती. पाणी रेघेखाली हातभर होतं, ते वीतभर राहिलं. रेवाराम एकदा रेघेकडे बघतो, एकदा खाली घरांकडे. त्याचं घर पहिल्याच ओळीत. चुलीचा धूर दिसतो आहे. त्याची म्हातारी मैनेला मांडीवर घेऊन बसली असेल.

शिट्टी! वाजली! माणसं निघाली!

रेवाराम चाकाला भिडला. दांड्यावर बघतो — चाळीस. आता गणित! आणि डोकं चाललं हो! पन्नास टक्के कमी केलंय, तर पन्नास टक्के वाढवायचं. चाळीसाचे पन्नास टक्के, वीस. चाळीस आणि वीस, साठ. फिरवलं चाक, आणला दांडा साठावर. सुटला! आयुष्यात पहिल्यांदा टक्क्याचं गणित एकट्यानं केलं! पागोटं काढून पिळलं आणि दगडावर टेकला.

काका, मघाशी मान डोलावली होती ना? आता सांगा, बरोबर केलं का त्यानं? ... आता का नाही डोलावत?

पाणी चढतंच होतं.

रेवाराम म्हणाला, थोडं थांबेल. थांबलं नाही. वीतभर होतं ते चार बोटं झालं. रेवाराम उठला. होतं तेवढं तर केलं, मग चढतंय कसं? पाळीच्या उतारावर, खाली, एक बारीक धार दिसली. पाळीतून पाझर. पाझर असतोच. पण गढूळ! मंडळी, पाळीतून नितळ पाणी आलं तर पाळ घाम गाळते आहे. गढूळ आलं, तर पाळ स्वतःलाच खाते आहे!

आणि तेव्हा पाळीवरून कोण येतंय? डोक्यावर पोत्याची खोळ, हातात भाकरीचा डबा. वनमाला! सासूनं पाठवलं होतं, 'न जेवताच गेलेत, देऊन ये.'

ती आली, रीतीप्रमाणे लांब थांबली. डबा दगडावर ठेवला. पाठ फिरवणार, तेवढ्यात म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "कवडूनं पन्नास टक्के कमी केलं होतं... मी चाळीसावर पन्नास टक्के वाढवलं... होतं तेवढंच झालं ना..."

वनमालेनं दांड्याकडे बघितलं. साठ. ते गणित! तेच! चाळीसावरून साठ केलंय. चाळीस हे जर निम्मं, तर आधी होतं...

आता बोलायचं कुणाला? मैना घरी. नवरा नागपूरला. कवडू ओढ्यावर. भिंत नाही, उंबरठा नाही. त्या पोरीनं काय करावं? ती भाकरीच्या डब्याशी बोलली हो! डब्याकडे बघून म्हणाली, "मामाजींना सांग... कशाचे पन्नास, ते विचार..."

पावसानं तो शब्द गिळला. डबा काय सांगणार!

पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. रेवाराम रेघेकडे बघतोय. रेघ दिसेनाशी झाली होती.

हसताय तुम्ही. पण तिच्या जागी उभे राहा बरं! एका बाजूला पाण्याचं भय. दुसऱ्या बाजूला रीतीचं भय. बोलली, तर उद्या गाव म्हणेल, सुनेनं सासऱ्याला पाळीवर दटावलं. नाही बोलली, तर उद्या म्हणायला गाव असेल का? सांगा! तरी तिची जीभ उचलेना. अशी भीती कुणी एका दिवसात घालत नाही. ती लग्नाच्या हळदीपासून रोज थोडी थोडी घालतात.

आणि मग पाळीचं एक ढेकूळ सुटलं. धप्प! घरांच्या बाजूला. खाली कुठेतरी एक पोर रडलं. मैना होती की दुसऱ्या कुणाची, कोण जाणे.

वनमालेनं खोळ फेकली. पदर गेला वाऱ्यावर. चार ढांगांत सासऱ्यापुढे, तोंडासमोर तोंड —

"मामाजी! कशाचे पन्नास?"

लग्नाला तीन वर्षं झाली, पण सुनेचा चेहरा असा समोरून त्यानं आज बघितला.

"क... काय?"

"कवडूकाकांनी काढले ते कशाचे पन्नास टक्के होते? आणि तुम्ही घातले ते कशाचे?"

"काढले ते... होते त्यांचे. घातले ते... उरले त्यांचे."

"दोन्ही सारखे कसे? मोठ्याचं निम्मं मोठं, लहानाचं निम्मं लहान! चाळीस हे निम्मं आहे. मग पुरतं किती?"

पुढे पाणी, आणि डोळ्यांपुढे सूप, शिंगाडे. "चाळीस... आणि चाळीस..." तो ओरडला, "ऐंशी! अवो बाई, ऐंशी होतं! वीस अजून बाकी!"

"फिरवा!"

चाकाला झेप घातली. चाक हलेना! वाहून आलेला गाळ अडला असेल, ओंडका असेल, देव जाणे. म्हातारा पाय रोवून ओढतो, चाक जागचं हलत नाही. तेव्हा त्या पोरीनं सासऱ्याच्या हाताशेजारी आपला हात घातला. ज्या हाताचा वाराही लागू द्यायचा नाही, त्या हाताशेजारी! दोघांनी दात आवळले. चाक करकरलं. पासष्ट. सत्तर. तिच्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं, ती सोडत नाही. पंचाहत्तर. ऐंशी!

दारातून पाणी असं गर्जत बाहेर पडलं, की पाळ पायाखाली थरथरली.

मग दोघं बसली. नजर गढूळ धारेवर. पाणी लगेच उतरत नाही हो! संकट चढतं भराभर, आणि उतरताना आपला अंत पाहतं. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. एकदम वनमाला म्हणाली, "मामाजी, रेघ!"

पांढरी रेघ पाण्यातून वर आली होती. केसाएवढी. पण आली होती.

कवडू वर आला, चिखलानं माखलेला. दांडा बघितला. "शाब्बास भाऊ! बरोबर ऐंशी केलंस."

रेवारामला 'हो' म्हणता आलं असतं. म्हणाला, "मी नाही. मी साठावर गाव बुडवत होतो. हिनं वाचवलं."

घरी आले. ओसरीत म्हातारी, शेजारीपाजारी, सगळे जमले. रेवाराम म्हणाला, "ऐका! आजपासून वनमालेला मोकळीक. कामाचं असेल तेव्हा तिनं माझ्याशी सरळ बोलावं. अर्धी रीत मी मोडली!"

लोक म्हणाले, "वा रे वा! केवढं मन!"

वनमाला दारात उभी. मनगटाला चिंधी बांधलेली. पदर डोक्यावर होता, नजर मात्र खाली नव्हती. ती हळूच म्हणाली, "मामाजी, कामाचं कोणतं, ते कोण ठरवणार?"

रेवारामनं सरकून आपल्या शेजारी, घोंगडीवर, जागा केली. म्हणाला, "बस बाई. तूच सांग."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. खांबाजवळचे काका, खाली नका बघू, एकट्या तुम्हाला नाही म्हणत. आपण म्हणतो, आम्ही बायकांना पन्नास टक्के दिलंय. पंचायतीत दिलंय, खुर्चीवर बसवलंय! चांगलं केलं. पण आधी आजीचं अर्धं तोंड बांधलं. मग आईचं बांधलं. जे उरलं, त्यावर निम्मं वाढवून दिलं आणि म्हणालो, फिटलं! शंभराचे झाले पन्नास, पन्नासाचे केले पंचाहत्तर. ज्याचं निम्मं नेलं, त्याला उरलं तेवढंच अजून द्यावं लागतं, तेव्हा कुठे ते होतं तेवढं होतं.

आज घरी जाल. कुणी दाराआड उभी असेल, भांड्याशी बोलत असेल, लेकराच्या नावानं निरोप सांगत असेल. तिला समोर बसवा. म्हणा, 'बोल, माझं काय चुकतंय?' आणि मग गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. तुम्हाला त्या शांततेची भीती वाटेल. वाटली तरी उठू नका.

बोला, ज्यानं माणसाला तोंड दिलं, त्या पांडुरंगाचा — नाही, पुरुषांनी थांबायचं. आधी बायांकडून येऊ द्या!