फोन आपला, मालकी आपली

...नाही, तुम्हीच सांगा, फोन कशाला असतो? इकडून बोललेलं तिकडं ऐकू जावं, एवढंच ना? थांबा, सांगू नका, मीच सांगतो. मी विमा एजंट. माझं पोट या जिभेवर चालतं. आणि माझ्या हातात फोन कसला, तर ज्यातून माझा आवाजच बाहेर पडत नाही!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या मेहुण्याचं कर्तृत्व. बायकोचा धाकटा भाऊ. माझा चांगला चालता फोन त्यानं कुणाला तरी देऊन टाकला, का, तर तो फोन म्हणे आपल्यावर पाळत ठेवतो. अरे, माझ्यावर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार, हप्त्यांच्या तारखा? पण नाही! हा ओपन सोर्स फोन आणला. म्हणजे आतलं सगळं उघडं, कुणीही बघा, कुणीही बदला. नखानं पाठीचं झाकण काढून दाखवलं, तर आत मुंगीएवढ्या स्विचांची ओळ... हा कॅमेऱ्याचा, हा नेटचा, हा माइकचा. बोट काही आत जात नाही, दात कोरायच्या काडीनं सरकवायचे. स्विच बंद केला की तार कापल्यासारखंच, मग कुणाचा बापही आपलं बोलणं ऐकू शकत नाही. आणि छाती फुगवून म्हणतो कसा, "भाऊजी, फोन आपला, मालकी आपली!"

मालकीचं सुख लगेच कळलं. गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडून हॅलो, हॅलो... मी म्हणतोय बोला, मी म्हणतोय मला येतंय ऐकू, आणि तो तिकडं बायकोला सांगतोय की कुणीतरी येडा फोन करून गप्प बसलाय. मी आणि गप्प! जन्मात कुणी असा आळ घेतला नव्हता हो.

आणि वेळ कसली बघा. आमची ही नुकतीच तिच्या बहिणीकडं निघून गेलेली. कारण काय, तर मी म्हणे तिला एक वाक्य पुरं करू देत नाही. आता मी कधी कुणाला... थांबा, माझं होऊ दे. तर जाताना बजावून गेली, मला बोलावंसं वाटलं की मीच फोन करीन, तुम्ही करायचा नाही. म्हणजे तिचा फोन केव्हाही येणार, त्यातच संसाराचा निकाल लागणार, आणि माझा फोन मुका.

मेहुण्याला बोलावलं. आधी त्यानं फोन बंद करून चालू केला, एवढी अक्कल तर मलाही होती. मग मेमरी कार्डावरून नवी सिस्टिम चढवली. माइक मुकाच, वर घड्याळही मागं पडायला लागलं. मग त्याच्या ग्रुपवर विचारलं. जगभरची रिकामटेकडी माणसं तिथं जमलेली. एक म्हणे माइक चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना आहे, दुसरा म्हणे ड्रायव्हर फार नवा आहे, तिसरा म्हणे प्रश्न छान आहे, उत्तर सापडलं की आम्हालाही कळवा. वा! मग हेडफोनच्या भोकात एक वायर खुपसून ती लॅपटॉपला जोडली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायला लागली, आणि हा पत्रिका बघावी तसा ती बघत बसला. शेवटी मान हलवून म्हणतो, "कुठंच एरर नाही भाऊजी. म्हणजे गंभीर आहे."

मी बाजारात मोबाइलवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं झाकण उघडलं, बघितलं, लावलं, आणि म्हणाला, "काका, याला पार्ट नाही, श्रद्धा लागते." फोन आपला, मालकी आपली, दुसरं कोण हात लावणार?

मग मेहुण्यानं नवा माइक मागवला. मोहरीएवढा. आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग मांडलं. धूर, वास, आणि टेबलाला एवढा मोठा डाग! माइक बसला, झाकण अजून उघडंच, आणि फोन वाजला. हिचा!

मी झडप घातली. अगं ऐक, अगं मी काय म्हणतो... ओरडतोय हो मी, शेजारी बाहेर आले! आणि पलीकडून ही शांतपणे म्हणते, "गप्पच राहा. आज मी बोलते." आणि बोलत राहिली. म्हणाली, "मला मुख्याध्यापिका केलं. तेच सांगायला लागले होते त्या दिवशी जेवताना. 'आज शाळेत' एवढंच म्हणाले, तर तुम्ही तुमच्या शाळेतल्या मास्तरांची गोष्ट सुरू केलीत."

मला माहीतच नव्हतं हो. खरंच नव्हतं माहीत. मी खाली बसलो. ओरडायचा बंद झालो. ती त्या शाळेबद्दल, तिथल्या मुलींबद्दल इतकं बोलली... इतकी छान बोलते ही, मला ठाऊकच नव्हतं. शेवटी आवाज ओला झाला तिचा. म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलंत माझं. येते मी घरी."

फोन ठेवला आणि बघतो, तर मेहुणा हातात काडी घेऊन गोरामोरा. म्हणतो, "भाऊजी, माइकचा स्विच बंद आहे. मीच केला होता पहिल्या दिवशी... सुरक्षिततेसाठी." नवी सिस्टिम, ग्रुप, वायर, माझं टेबल, सगळं करून झालं, आणि या शहाण्यानं स्वतः बंद केलेला स्विच तेवढा बघितला नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बरं, निदान गप्प बसावं? पण पोटात राहील तर तो मेहुणा कसला. ही घरात पाऊल टाकते न टाकते तोच हसत हसत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, परत जाते आता ही. तिनं फोन घेतला, झाकण काढलं, स्विच नीट निरखून बघितला, आणि इतकी हसली, इतकी हसली...

आता रोज संध्याकाळी ती शाळेतून निघाली की मला फोन करते. माइकचा स्विच मात्र बंदच ठेवायचा, हा तिचा नियम; गिऱ्हाइकांना आता मी घरी जाऊनच गाठतो. तुम्ही म्हणाल, स्विच परत सरकवायला काय लागतं? काही नाही, एक काडी. पण घरातल्या दात कोरायच्या काड्यांची अख्खी डबी तिच्या पर्समध्ये असते. फोन आपला आहे हो, मालकीही आपलीच आहे... काडी तेवढी तिची.