मोरीत बसलेला येसबा

ऐका. आन् ए बंडा, ती बिडी विझव आधी. धरणाचं नाव काढलं की हसू येतंय व्हय तुला? गप ऐक.

तुळाजी धरणावर गळतीचं पाणी मोजायला होता. आपलं धरण म्हंजी दगडांचा ढीग, पाण्याच्या अंगाला तेवढं सिमेंटचं अस्तर. ते थोडं गळतंच. गळलेलं पाणी दगडांच्या पोटातनं पायथ्याच्या मोरीत येतं आन् पुढच्या लोखंडी पत्र्याच्या खाचेतनं पडतं. खाचेत पाणी किती चढलं, ते बघायचं. सुरवातीला लई गळायचं. मग गाळ बसला, कमी झालं. पण त्या साली पुन्हा वाढाय लागलं. साहेब म्हणाले, अस्तराला भेग पडलीय. तुळाजीचा धाकटा भाऊ येसबा पाणबुड्या. भेगेवर वाळूची पोती सोडायला उतरला, तो वर आलाच न्हाई. मढंसुद्धा गावलं न्हाई. आई रोज विचारायची, "तुळ्या, माझ्या लेकराला कधी आणतोस रं?"

तर अवसेची रात. धरणाखाली सगळं गाव झोपलेलं. तुळाजी बॅटरी घेऊन एकटाच निघाला. मोरीजवळ गेला, तर आवाजच न्हाई! रोज धो धो पडणारं पाणी, आन् आज खाचेत नुसती करंगळीएवढी धार. तुम्ही म्हणाल, बरं झालं की. त्यालाबी तसंच वाटलं बघा. हात जोडले त्यानं. भेग बुजली, गाव वाचलं!

पण कामाचा नेम असा, की आधी पालापाचोळा काढायचा, मगच मोजायचं. वाकला. खाचेत काही न्हाई. मोरीत हात घातला. कापड लागलं. ओढलं, तर येईना. आणखी आत चाचपलं. पाठ! माणसाची पाठ! गारढोण!

"दादा," आतनं आवाज आला, "भेग लई मोठी झालीय. मी पाठ लावून बसलोय. पाठ भरून आली रं. जरा तू बस की."

आन् मनगट धरलं. आगं आई गं! आत ओढतंय. कोपर गेलं, खांदा गेला, गाल मोरीच्या दगडावर घासला. तुळाजी वरडला, "येसबा, आईला दुसरं कोण हाय रं? आईची आण हाय तुला, सोड!"

सोडलं त्यानं. लहानपणापासनं आईच्या शब्दाबाहेर नव्हता तो.

तुळाजी पळत सुटला. मागं पाणी पुन्हा धो धो. घरी आई जागीच होती. "गावला का?" म्हणाली. तो म्हणाला, "न्हाई." दुसरं काय म्हणणार?

तवापासनं गळती वाढतच चाललीय. साहेब येतात, वाळू टाकतात, जातात. येसबा दमलाय, दुसरं काय! म्हणून सांगतो, मोरीच्या वाटेला जाऊ नका. पाण्याचा आवाज थांबला, तर अजिबात न्हाई. आपल्याच माणसावानी हाक मारील तो.

आन् तुळाजीवानी आपणबी सुटू, असं मनात आणू नका. येसबाची आई ह्या शिमग्यात गेली. आता त्याला आण घालायची ती कुणाची?